परिच्छेद चार नाकबूल

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की अजूनही बाटली उशाशी ठेवून ‘आता घालते, मग घालते’ चाललंय? इकडे सगळे खुशाल. आई बँकेतून दमून येते आणि आल्या आल्या आम्हाला फैलावर घेते, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. बाबांचं दुकान नळ, पाइप, बेसिनसकट जागच्या जागी आहे. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठल्यापासून तुझा दिवस जाता जात नाही, असं तू आईला फोनवर म्हणालीस ते माझ्या कानावर आलं आणि फार वाईट वाटलं. (या वाईट वाटण्याचा पुढच्या मजकुराशी काहीही संबंध नाही.)

तर पत्रास कारण की, माझं कायद्याचं तिसरं वर्ष संपत आलं. या सुट्टीत सगळेजण कुठल्या ना कुठल्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिपला जातात. म्हणजे महिनाभर मोठ्या वकिलांच्या ऑफिसात बसायचं, फायली शोधायच्या, त्या सापडल्या की दुसऱ्या शोधायच्या, आणि शेवटी सही-शिक्क्याचा कागद घेऊन यायचं. तो कागद नसेल तर पुढे कुणी दारात उभं करत नाही. बाबांनी यंदा अट घातली. सुट्टी लागायच्या आत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर गपगुमान दुकानात बसायचं, आणि पुढची दोन वर्षं कॉलेजात फक्त परीक्षेपुरतं जायचं. तुझा भाऊ एकदा बोलला की बोलला, हे तुला मी काय सांगायचं? लहानपणी त्याला ती सवय तुझ्याचकडून लागली असं आई म्हणते. (आई म्हणते. मी नाही.)

मी अर्ज सुरू केले. आधी अगदी नम्र. इतके नम्र की वाचताना मलाच माझी कीव आली. कुठूनही उत्तर नाही. एका फर्मच्या कॉम्प्युटरनं तेवढं कळवलं की आपला ईमेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि त्यानंतर त्या महत्त्वाला कुणी हात लावला नाही. सुट्टी जवळ आली. बाबांनी काउंटरमागे माझ्यासाठी वेगळी खुर्ची आणून ठेवली, तीही गादीची.

अशा वेळी माणसाचं डोकं चालतं, आणि माझं जरा जास्तच चालतं. तुला ठाऊक आहेच, गळक्या नळांचा खोका परत घ्यायला कंपनी टाळाटाळ करायला लागली की बाबा मला हाक मारतात. मी नोटीस लिहिते, बाबा सही करतात, ती रजिस्टर पोस्टानं जाते, आणि जी कंपनी दोन-दोन महिने फोन उचलत नाही तिचा टेम्पो आठवड्याच्या आत दारात उभा राहतो. शिवाय आमचे तारीखसर (प्रत्येक धडा पुढच्या तासावर ढकलतात म्हणून हे नाव) वर्षभरात एकच गोष्ट पूर्ण शिकवू शकले, ती म्हणजे नोटीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या जगात अर्जाला कुणी विचारत नाही, नोटिशीला मात्र सगळे उत्तर देतात. मग मी शहरातल्या सर्वांत मोठ्या फर्मला इंटर्नशिपसाठी रीतसर नोटीस पाठवली.

नोटीस सुरेख झाली होती, आत्या. एक : मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. दोन : मी कष्टाळू आणि नीटनेटकी आहे. तीन : पुराव्याच्या कायद्यात मला पहिला वर्ग आहे. चार : आपली फर्म नामांकित व सचोटीची आहे. सबब, ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत मला इंटर्नशिप द्यावी, तसे न केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपणावर राहील. (पुढील कारवाई म्हणजे दुकानात बसणं. पण हे त्यांना कशाला सांगा?)

उत्तर चौथ्या दिवशी आलं! जाड कागद, वर सोनेरी अक्षरं. आपल्या नोटिशीतील सर्व मजकूर खोटा, खोडसाळ व काल्पनिक असून तो आम्हास मान्य व कबूल नाही. मी विद्यार्थिनी आहे हे त्यांना माहिती नसल्याने नाकबूल. मी कष्टाळू आहे हे साफ नाकबूल. पहिला वर्ग आहे तर सिद्ध करून दाखवावा. तरीसुद्धा, आपले सर्व हक्क अबाधित राखून, ते तडजोडीच्या बोलणीसाठी मला भेटायला तयार होते. मी ते पत्र चारदा वाचलं, आणि चौथ्यांदा वाचताना खुर्चीतून उठून उभी राहिले. का, ते पुढे कळेल.

ठरल्या दिवशी निघाले तर बाबा कपडे करून तयार. नोटिशीच्या कामाला एकट्यानं जायचं नसतं म्हणाले. मला भरून आलं. (खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.)

त्या ऑफिसात सगळ्या भिंती काचेच्या, त्यामुळे माणूस आधी भिंतीला नमस्कार करतो आणि मग दार शोधतो. लांबलचक टेबलावर पाण्याच्या इवल्याशा बाटल्या. पलीकडे फर्मच्या मुख्य वकीलबाई, केस पांढरेशुभ्र, चष्मा गळ्यात दोरीला. शेजारी एक तरुण वकील, पुढ्यात फितीनं बांधलेली जाडी फाइल, तिच्यावर माझं नाव. उत्तराचा मसुदा यानंच केलेला, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं बारसं केलं : नाकबूलराव.

बाईंनी माझी नेमकी तक्रार काय ते विचारलं. मी म्हटलं, तक्रार कसली, मला इथे काम करायचंय. बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून विचारलं, मग नोटीस का पाठवलीत? अर्जाला तुम्ही उत्तर देत नाही म्हणून, मी म्हटलं. नाकबूलरावांनी घसा साफ करून सांगितलं की नोटिशीतला शब्द न् शब्द नाकबूल करणं ही या ऑफिसची पद्धत आहे. मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, ते दिसलंच, कारण परिच्छेद चारसुद्धा तुम्ही नाकबूल केलाय. ही फर्म नामांकित आणि सचोटीची आहे असं मी लिहिलं होतं. ते खोटं, खोडसाळ व काल्पनिक आहे असं तुम्ही मला लेखी कळवलंय.

बाईंनी पत्र मागून घेतलं. वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. नाकबूलरावांनी एक बाटली संपवली आणि माझ्यापुढची उघडली. पाठवण्याआधी हे वाचलं कुणी, असं बाईंनी कडक आवाजात विचारलं, आणि मग त्यांची नजर तळाच्या सहीवर गेली. सही बाईंचीच होती.

इथे माझं काम फत्ते व्हायचं. पण बाईंनी विषय बदलायला म्हणून बाबांना विचारलं, मुलगी कामाला कशी आहे? आणि तुझ्या भावानं, माझ्या जन्मदात्यानं, पुढे सरसावून सांगितलं की परिच्छेद दोन तुम्ही नाकबूल केलात ते अगदी योग्य केलंत. आठशिवाय उठत नाही. वस्तू जागेवर ठेवत नाही. चहा पिते आणि कप खिडकीत विसरते. नाकबूलराव आनंदानं हे सगळं उतरवून घेत होते!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाईंकडे उलटतपासणीची परवानगी मागितली. विचारा, म्हणाल्या. दुकानाच्या नोटिसा कोण लिहितं? तू, बाबा म्हणाले. वेळेवर? हो. एखादी वाया गेली? नाही. मग मी म्हटलं, इतकी आळशी मुलगी तुम्हाला दुकानात हवीच कशाला? (उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न विचारू नये, असं तारीखसर सांगतात. नोटिशीखेरीज तेवढा एकच धडा त्यांनी वेळेवर शिकवला होता, आणि मी विसरले.)

बाबांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं, सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. मग म्हणाले, “दिवसभर दुकानात मला बोलायला आहे कोण?”

आत्या, मी खटला जिंकले होते आणि मला रडू येत होतं. नाकबूलरावांनीसुद्धा पेन खाली ठेवलं. शेवटी बाईच म्हणाल्या की सोमवारपासून या, आणि इथून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या सहीआधी तुम्ही वाचायचं. घराच्या दारात बाबा म्हणाले, “तिथं आठला उठून चालायचं नाही.”

गुडघ्याला जप. थेंब घाल.

तुझी लाडकी (आणि आता नोकरदार, जरी बिनपगारी)
भाची

ता. क. तुझ्या कंटाळ्याचा या पत्राशी संबंध नाही असं वर लिहिलंय, ते विधान मी मागे घेते. महिनाभर इकडे ये ना. दुकानात गादीची खुर्ची रिकामी आहे. गिऱ्हाइकांना तू ओळीत उभं करशील, आणि बाबांना रागवायला, वाद घालायला, जुनं काढून हसायला हक्काचं माणूस मिळेल. पंधरा दिवसांत न आल्यास परिणामांची सर्वस्वी जबाबदारी तुझ्यावर राहील.

ता. ता. क. हे बाबांना कळू देऊ नकोस. पत्र पेटीत टाकायला त्यांच्याकडेच देतेय, पण पाकीट चिकटवलंय.

(येथून अक्षर माझे आहे. पाकीट नीट चिकटले नव्हते.)

ताई, मजकूर वाचला. दुकान जागच्या जागी आहे, हे कबूल. मुलगी आठला उठते, हे कबूल, पण आज आपण होऊन सहाला उठली, याची नोंद घ्यावी. मी फर्ममध्ये असे काही बोललो, हे साफ नाकबूल. मला दुकानात सोबत लागते, हेही नाकबूल. कोणत्या गाडीने निघतेस ते कळव. स्टेशनवर घ्यायला येतो.