तीन आठवड्यांची कातडी

आबा, धुळ्याच्या दवाखान्यात आज माझा अकरावा दिवस. लहानपणी भाजल्यापासून हनुवटी छातीकडे ओढलेली होती, ती कापून मोकळी केली आणि डाव्या मांडीची कातडी काढून गळ्याला लावली. खांद्याखाली उशी घालून मान ताणून ठेवलीय, त्यामुळे दिवसभर फक्त पंखा दिसतो. काल पट्टी बदलताना मी डॉक्टरांना म्हणालो, कडेची जुनी कातडी जरा जपून, ती माझ्या बापाची आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, बापाची कातडी लेकराच्या अंगावर फार तर तीन आठवडे धरते. जीव वाचेपर्यंत झाकण म्हणून लावतात, मग अंगच ती टाकून देतं. पुढं तुझीच लावली असणार. आणि माझ्या उजव्या मांडीवरच्या जुन्या फिकट चौकोनावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय वाटलं होतं तुला?"

मला वाटलं होतं, तेही भाजलेलंच.

थंडीची सकाळ आहे. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी उकळतंय, मी पाच वर्षांचा, चुलीपाशी शेकत बसलोय. तुम्ही आईवर कशावरून तरी तापलाय. मग तुमची लाथ चुलीवरच्या पातेल्याला. त्यानंतर घरात सगळे एकच बोलत आले, पातेलं कलंडलं. जळगावला डॉक्टरांनाही आईनं तेच सांगितलं, तुम्ही शेजारी उभे राहून मान हलवली, आणि लगेच कातडीसाठी मांडी पुढे केलीत. पुढं केळीच्या शेतात विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली आंघोळीला बसलो की मी तुमच्या मांडीवरच्या पांढुरक्या चौकोनावर तळहात ठेवायचो. एकदा तुम्ही म्हणालात, "हाई जागा तुनी शे." माझं म्हणून तुम्ही मला दिलेलं तेवढंच आठवतं. मी नऊ वर्षांचा असताना त्याच मोटारीचा शॉक लागून तुम्ही गेलात.

शाळेत मी कुणाला बदडलं की आई म्हणायची, बापनी कातडी शे ती. गल्लीतली पोरं म्हणायची, याला उन्हात उभं करू नका, याचा बाप तापेल. मला ते आवडायचं. चोपड्याच्या कॉलेजात एकानं वाकडमान्या म्हटलं, त्याचं नाक फोडलं. प्राचार्य माफी लिहून दे म्हणाले, दिली नाही, दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. मनात म्हणालो, मी नाही, आबा तापले.

कॉलेज सुटलं, पण तिथली ती सुटली नाही. ही मान तिच्यासाठीच सरळ करायची होती. ऑपरेशनच्या आधी जळगावला, स्टँडबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. ती म्हणाली, घरी स्थळ येतंय, बघून घेते आणि नाही म्हणून सांगते. माझ्या कानात 'बघून घेते' एवढंच राहिलं. हातात चहाचा भरलेला ग्लास होता. तिच्या मनगटावर हा एवढा फोड आला. टपरीवाल्याला मी म्हणालो, सुटला. तिलाही तेच सांगितलं, आणि आजवर तेच सांगतोय.

काल डॉक्टर गेल्यावर तिला फोन लावला. सांगितलं, मान सरळ झाली. ती म्हणाली, "तुझ्या मानेची मला कधीच भीती वाटली नाही. ग्लासाचं एकदा खरं सांग, तर मी येते. नाहीतर राहू दे."

म्हणजे तुमचं माझ्या अंगावर काहीच नाही, आबा. जे होतं ते सतरा वर्षांपूर्वीच पट्टीबरोबर कचऱ्यात गेलं. शाळेत, कॉलेजात, त्या टपरीवर तुम्ही नव्हतातच कुठे. आईला मी उद्या विचारणार होतो की हे तिला माहीत होतं का, पण नाही विचारणार. ती म्हणेल, पातेलं कलंडलं.

हा कागद दवाखान्याच्या फायलीत घालून ठेवतो, तुम्हाला तरी कुठं पाठवणार. ग्लास सुटला नव्हता. मी फेकला. खरं तर एवढंच तिला लिहायला बसलो होतो, पण वर 'आबा' लिहिलं गेलं.