बाबांचा फाटकावरचा पहारा

इन्व्हरअर्ना,
ऑक्टोबरअखेर

आदरणीय एफीआत्या,

मर्डोचा वाकून नमस्कार. इकडचं क्षेम म्हणावं असं काही उरलेलं नाही, तेव्हा ते सोडून देऊ. तुझं मात्र सविस्तर कळव. खोकला गेला का? की अजून आहे? छातीत घरघर होते का? डॉक्टर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही. भूक कशी आहे, जिना चढताना मध्ये बसावं लागतं का, संध्याकाळी पाय सुजतात का, हेही लिहिलंस तर बरं. केप ब्रेटनचा हिवाळा तुझ्या वयाला सोसत नसणार, असं मला राहून राहून वाटतं. (मी एरवी इतक्या चौकशा करत नाही हे तुझ्या ध्यानात येईलच. माणूस पन्नाशीला आला की त्याला आपल्या माणसांची किंमत कळते, एवढंच समज.)

बाबांच्या अंत्यविधीची हकीकत लिहीन असं मी तुला हिवाळ्यात कळवलं होतं, पण लिहायचा धीर होईना. फारकरने कुळाच्या वार्तापत्रात ‘मॅकॉरन कुळाच्या परंपरेस साजेसा निरोप’ असं छापलं आहे, ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल. ते अक्षरशः खरं आहे. आपल्या परंपरेला इतका साजेसा निरोप चारशे वर्षांत कुणाला मिळाला नसेल, आणि म्हणूनच मी हे पत्र कपाळाला हात लावून लिहितो आहे.

बेटावरच्या दफनभूमीचा नियम तुला काय सांगायचा. तुझ्याच आईने तो मला लहानपणी सांगून माझी झोप उडवली होती. जो सगळ्यांत शेवटी पुरला जातो त्याने फाटकावर उभं राहायचं. पुढचा येईपर्यंत हलायचं नाही. येणाऱ्याला आत घ्यायचं, नको त्याला हाकलायचं, आणि आत जितके निजलेत तितक्यांना पाणी नेऊन द्यायचं. मला हे पटत नाही. पाद्रीसाहेबांना तर ते ऐकूनसुद्धा घ्यायचं नसतं. बाबा स्वतः चर्चच्या वडीलधाऱ्यांपैकी, त्यांनी हे उभ्या जन्मात कबूल केलं नाही. पण कुणाला पुरून आले की बूट काढता काढता ‘सुटला बिचारा’ म्हणायचे, आणि ते त्या दिवशी पुरलेल्याबद्दल नसायचं, त्याच्या आधीच्याबद्दल असायचं.

तर बाबा गेले त्याच दिवशी पलीकडच्या वाडीत डूगल गिलब्रॅकही गेला. (जन्मभर बाबांना त्याने एकही गोष्ट एकट्याने करू दिली नाही.) दोन्ही शवपेट्या एकाच सकाळी धक्क्यावर आल्या. बेट दोन्ही कुळांचं, उतरायची जागा एक, त्यामुळे पहिला कोण पोचतो याला काय महत्त्व आहे हे धक्क्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. गिलब्रॅकांपाशी मासे धरायची मोटरबोट. आपल्याकडे कुळाची मानाची होडी, सहा वल्ह्यांची, कारण मॅकॉरन माणूस शेवटचा प्रवास वल्ह्यांनीच करतो असं फारकरच्या कुळ-इतिहासात लिहिलेलं आहे. तरीही धक्क्यावर आम्ही आधी पोचलो होतो! होडी तयार होती, वल्ही हातात होती. मी म्हटलं, चला. तेवढ्यात फारकरने घसा खाकरला.

फारकर शाळेतून निवृत्त झाल्यापासून कुळाचा भाट झाला आहे, हे तुला ठाऊक असेलच. कुणी नेमला नाही, कुणी अडवलाही नाही. त्याचं म्हणणं असं, की मॅकॉरनाच्या एकवीस पिढ्या मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याची पेटी जमिनीवरून उचलायची नाही. सुरुवात बाबांपासून : टॉर्क्विल, नीलचा मुलगा. नील, सॉर्लीचा मुलगा. असं मागे मागे जात नॉर्वेच्या कुठल्याशा समुद्री चाच्यापर्यंत. पाऊस पडत होता. डूगलची मुलगी शोना, ती दुकान चालवते ती, जवळ आली आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, “फारकरमास्तर, किती पिढ्या राहिल्या?” झालं! मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती चौथीत नापास झाली आहे, आणि मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून सावकाश सुरुवात केली. अकराव्या पिढीला आपला लांबचा चुलतभाऊ लॅकलन म्हणाला, “मास्तर, अ‍ॅलन हा रोनाल्डचा मुलगा नव्हे, पुतण्या.” फारकर म्हणाला, “मुलगा.” लॅकलन म्हणाला, “पुतण्या. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.” फारकर म्हणाला, “तुमच्या घरात काय माहीत असतं ते मला माहीत आहे.” मग वल्ह्यांवरचे दोघे खाली उतरून लॅकलनच्या बाजूने बोलू लागले. शोनाने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, “चालू द्या तुमचं. आम्ही होतो पुढे.”

मोटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा आमचा सतरावा पूर्वज चालू होता.

आत्या, हे पहिल्यांदा झालं असतं तर मी नशिबाला दोष दिला असता. पण गुरांच्या लढाईत आपण काय केलं होतं? सगळं कूळ पहाटे तलवारी उपसून उभं, समोर गिलब्रॅक, मध्ये आपलीच दीडशे गुरं. आणि आपला भाट सरदाराची वंशावळ म्हणत होता. तो नवव्या पिढीला पोचला तेव्हा गुरं डोंगराआड गेली होती. फारकरच्या पुस्तकात याला ‘नैतिक विजय’ म्हटलं आहे. बेटाच्या फाटकावर आपलं ब्रीदवाक्य कोरलंय ना, ‘थांबा, आम्ही आलो’, ते मी त्या दिवशी होडीतून उतरताना वाचलं आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं, बाबांसाठी. तसं म्हटलं तर बाबांसाठीच.

म्हणजे डूगलने पहारा दिला किती, तर आम्ही वल्ही मारत पोचेपर्यंत. तोही बसून दिला असणार. तेव्हापासून बाबा उभे आहेत. त्यांचा गुडघा तुला माहीत आहे. चर्चमध्येसुद्धा स्तोत्र लांबलं की ते बाकाला टेकायचे. घरी पाहुणा आला की गोठ्यात जाऊन बसणारा माणूस, त्याला फाटकावर स्वागताला ठेवलंय! आणि पाणी सगळ्यांना द्यायचं, गिलब्रॅकांनासुद्धा. डूगल ‘फार गार आहे’ म्हणून परत पाठवत असणार. मला हे पटत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. पण पावसाचा जोर वाढला की माझा घास खाली उतरत नाही, त्याला मी काय करू? पाद्रीसाहेब म्हणाले, “मर्डो, तुझे वडील प्रभूच्या घरी आहेत.” मी म्हटलं, “घरात आहेत ना? फाटकावर नाहीत ना?” तेव्हापासून ते मला रस्त्यात पाहिलं की टोपी सारखी करतात आणि दुसरीकडे वळतात.

तरी मी मनाला समजावत होतो की पुढचं कुणीतरी जाईलच. (गावातल्या म्हाताऱ्यांची मी इतकी विचारपूस करू लागलो की त्यांनी माझ्यासमोर खोकणं सोडलं.) आणि तेवढ्यात फारकरने दुसरा घाव घातला. त्याने दोन वर्षांपूर्वी कौन्सिलकडे अर्ज करून ठेवला होता, बेट हा कुळाचा ऐतिहासिक ठेवा आहे, त्याचं जतन व्हावं. अर्ज मंजूर झाला! ठेवा म्हटला की त्यात खणायचं नाही. आता बेटावर कुणालाही पुरता येणार नाही. आम्ही सगळे पेट्रोल पंपामागच्या नव्या दफनभूमीत जाणार, तिथे म्हणे पाण्याचा नळ आहे. फारकर पेढे वाटावेत तशा केकच्या चकत्या वाटत फिरला. मी त्याला म्हटलं, “मास्तर, म्हणजे माझे वडील कायमचे फाटकावर.” तो म्हणाला, “मॅकॉरनच फाटकावर! यापेक्षा मोठा मान कोणता?”

मी त्याला धक्क्यावरून लॉखच्या पाण्यात ढकललं नाही, हे माझ्यावर झालेल्या संस्कारांचं फळ आहे, आणि त्यात तुझाही वाटा आहे. मला बाबांची फार आठवण येते, आत्या. दुसरं विशेष काही नाही. प्रकृतीला जप.

तुझा,
मर्डो

ता. क. : एक लिहायचं राहिलं. बंदीतून फक्त एक जागा वगळली आहे, जिथे नावाचा दगड आधीपासून रोवलेला आहे. तू कॅनडाला जाताना आजीने रडत रडत स्वतःच्या ठरलेल्या जागेशेजारी तुझ्या नावाचा दगड लावून घेतला होता, तो तोच. त्यावर फक्त एक तारीख घालायची बाकी आहे. मी परवा जाऊन शेवाळ घासून काढलं. दगड लख्ख झाला आहे, समोर लॉख छान दिसतं. घाई मुळीच नाही. पण खोकल्याबद्दल खरं काय ते लिही. शेवटी तू बाबांची थोरली बहीण. शाळेत त्यांच्या वाटची शिक्षासुद्धा तू घ्यायचीस, असं तेच सांगायचे.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला शोनाच्या दुकानात गेलो आणि बोलता बोलता तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “अरे शहाण्या, आणि मग तुझ्या आत्याला कोण सोडवणार?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथेच बटाट्याच्या पोत्यावर बसलो. आत्या, वरचं सगळं विसर. औषध वेळेवर घे, जिने चढू नकोस, शंभर वर्षं जग. तुला पुरायचं तर तिकडेच पुरोत. मला लाज वाटते.

ता. क. ३ : टपाल निघायला अजून वेळ आहे म्हणून लिहितो. शोनाच्या दुकानाच्या दारावर कौन्सिलची जाहिरात लागली आहे. ठेवा पाहायला परदेशातून लोक येणार, त्यासाठी बेटावर माणूस हवा. कामं अशी : फाटक उघडायचं, येणाऱ्याला आत घ्यायचं, मेंढ्या हाकलायच्या, पिण्याच्या पाण्याची सोय पाहायची. मी शोनाचंच पेन घेऊन तिथल्या तिथे अर्ज केला. तीच म्हणाली, “तुझ्याशिवाय करणार कोण? जागा तुझीच.” म्हणजे आता दिवसपाळी माझी. बाबांना रात्रपाळी तेवढी राहिली, आणि रविवारी सगळंच बंद. तेव्हा तू मुळीच येऊ नकोस, किंवा अगदी सावकाश ये. फाटकापाशी बसायला कौन्सिल एक खुर्ची देणार आहे. मी दोन मागितल्या आहेत.