उत्तर नाही म्हणजे आभाळ साफ

कार्तिक १४, शुक्रवार

एकशे त्रेचाळीस! आमच्या ट्रेकिंगच्या ऑफिसचं कुलूप काढलं, धूप लावला आणि चहा यायच्या आत मोजून टाकले. एका रात्रीत एकशे त्रेचाळीस मेल, त्यांत कामाचे सहा. बाकी सगळे काही ना काही विकणारे. तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणतो. तंबू घ्या घाऊक भावात. पाहुण्यांचा विमा काढा. दिव्यांचा तिहार संपून आठवडा झाला तरी यांची तिहारची सूट संपत नाही.

आणि तो मिङ्मा शेर्पा. स्लीपिंग बॅगवाला. ‘नमस्ते दिदी, मागच्या मेलचं उत्तर आलं नाही, म्हटलं आठवण करावी.’ कालपासून नऊ वेळा आठवण केली. शेर्पांत नाव वारावरून ठेवतात, मिङ्मा म्हणजे मंगळवारचा. हा बाबा जन्मला एका मंगळवारी आणि छळतोय सातही वार. दर वेळी नवा पत्ता. एक बंद केला की दुसऱ्यावरून हजर. खाली सही मात्र तीच — आपला भाऊ, मिङ्मा शेर्पा.

न वाचता उडवायची माझी हिंमत नाही. वैशाखात उडवले होते. त्यात त्या कोरियाच्या बाईंचा मेल गेला आणि त्यांचा सोळा जणांचा गट समोरच्या ऑफिसात. सोनमचे बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, ‘एवढ्या कचऱ्यात कोणालाही दिसला नसता.’ तेव्हापासून एकेक उघडून बघते. जाहिरातींचा जो वेगळा कप्पा असतो तोसुद्धा दिवसातून तीनदा धुंडाळते. कोण जाणे, तिथे एखादा आपला माणूस बसलेला असायचा.

तिहार आटोपून हे सात तारखेला गेले, चार पाहुणे घेऊन. लार्केची खिंड. येत्या गुरुवारी पहाटे ओलांडायची आहे. वर गेल्यावर फोनचा भरवसा नाही.


कार्तिक १५, शनिवार

सुट्टी आहे, तरी आले. सोनम म्हणाली, ‘आमा, ऑफिसातच अंथरूण टाक ना.’ बारा वर्षांची आहे आणि जीभ सासूची.

पण मेल आला! चार वाजता. ह्यांच्याकडे तळहाताएवढं यंत्र आहे, उपग्रहावरून दोन-चार ओळी पाठवतं, त्या इथे मेल होऊन येतात. ‘सामागाऊँला पोचलो. सगळे ठीक. एका पाहुण्याचं डोकं दुखतंय, लसणाचं सूप दिलं.’ खाली बारीक अक्षरात काय काय छापलेलं असतं, यंत्र कुठे आहे, कोणाचं आहे. तिथवर मी जात नाही. वरच्या चार ओळी दहा वेळा वाचते.

उत्तर द्यायचं तर त्याच मेलमधल्या दुव्यावरून, आणि तो दुवा एकच दिवस चालतो. थंडीत यंत्राची बॅटरी पटकन उतरते म्हणून ह्यांनी नियम घालून दिलाय. संध्याकाळी हे कळवणार, मी हवामान बघणार. वाईट असेल तर लिहायचं, थांबा. चांगलं असेल तर काही लिहायचं नाही. उत्तर नाही म्हणजे आभाळ साफ, निघा.

नियम चांगला आहे. मला आजवर एकदाही पाळता आलेला नाही. आभाळ कितीही साफ असो, माझं आपलं जातंच — मोजे वाळवले का, चुलीपाशी टांगा, ओले घालू नका. आजही लिहिलं. ह्यांचं म्हणणं, ‘तुझ्या मोज्यांनी माझी बॅटरी खाल्ली.’ सगळ्या गाइडांना सांगून हसवतात.


कार्तिक १६, रविवार

एकशे सत्तर. त्यात बॅगवाल्याचे चौदा. त्याच्या चौदांच्या मध्ये पोखऱ्याच्या हॉटेलचा मेल अडकलेला, खोल्या नक्की करायचा आजचा शेवटचा दिवस! पाच वाजता दिसला. तशीच उत्तर लिहायला बसले.

शेजारच्या तिकिटांच्या ऑफिसातल्या रमिला दिदींनी माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, ‘मनसरा, तू ना दारावर आलेल्या प्रत्येकाला आत घेऊन चहा पाजतेस. कडी लाव की कधीतरी.’

मी म्हटलं, पत्ता बदलतो तो. कडी कुठल्या दाराला लावू?

‘सही बदलतो का?’

नाही.

‘मग सहीला धर. मेलमध्ये कुठेही हे नाव दिसलं की थेट टोपलीत. तुला दिसायलाच नको.’

दोन मिनिटांचं काम. नाव लिहिलं, खूण केली, झालं. रमिला दिदींनी हात झटकले, ‘मेला तुझा मंगळवार.’ आम्ही दोघी खूप हसलो.

आजचा दिवस मुक्कामच होता ह्यांचा, हवा अंगवळणी पडायला. मुक्कामाच्या दिवशी बहुधा कळवत नाहीत.


कार्तिक १७, सोमवार

अठ्ठेचाळीस! फक्त अठ्ठेचाळीस. बाकीच्यांची तिहारची सूटही एकदाची संपली वाटतं. ऑफिस कसं झाडून काढल्यासारखं वाटलं. दोन नव्या चौकशांना दुपारच्या आत उत्तरं गेली. कितीतरी दिवसांनी डबा गरम असताना खाल्ला.

ह्यांचा मेल नाही. आज साम्दोला पोचायचे होते. सहापर्यंत थांबले. जाहिरातींचा कप्पाही पाहिला. नाही.

बॅटरी जपत असतील.


कार्तिक १८, मंगळवार

नाही.

शनिवारचा दुवा दाबून पाहिला. मुदत संपली म्हणतो. म्हणजे त्यांनी लिहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही. हे आधी कधी खुपलं नव्हतं, कारण वाटेत असताना हे नेमानं लिहायचे.

हवामान बघितलं. तीन ठिकाणी बघते मी, एकावर विश्वास नाही. दोन ठिकाणी गुरुवारी ढग. तिसऱ्या ठिकाणी बुधवार रात्रीपासून बर्फ, तेही थोडंथोडकं नाही. तिसरं बहुतेक वेळा चुकतं. बहुतेक वेळा.

जेवताना मी काही बोलले नाही तर सोनम घास थांबवून बघायला लागली. ‘आमा, तू गप्प बसलीस की मला भीती वाटते. बोल ना काहीतरी. रागाव हवं तर.’ रागावले. भात संपव म्हटलं.


कार्तिक १९, बुधवार

सकाळी आता तिन्ही ठिकाणी बर्फ.

सामागाऊँच्या लॉजला फोन लावला, लागत नाही. तळाच्या सोतीखोलातल्या दुकानदाराला लागला. तो म्हणाला, ‘दिदी, वरचं सगळं बंद आहे, काल वाऱ्यानं टॉवर गेला. सोनमच्या बाबांना काय सांगायचं, ते आभाळाकडे नुसतं बघून सांगतात.’ मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, कळतं मला. ह्यांना आभाळ कळतं हे खरं आहे. पण गेल्या दोन वर्षांत आमचं ठरलंय ना की आभाळ मी बघायचं. यंत्र घेतलं तेच त्यासाठी.

दिवसभर मेलसमोर बसले. जाहिरातींचा कप्पा किती वेळा उघडला मोजलं नाही. त्यातला कचरासुद्धा वाचला, शेवटपर्यंत. कोणी बूट विकतंय, कोणी दातांची मशीन. सगळ्या जगाला मला काही ना काही सांगायचं आहे. ह्यांनाच नाही.

आज ते धर्मशालेला असणार. खिंडीखालचा शेवटचा थारा. तिथून पहाटे तीनला निघतात. मेल येत नाही म्हणजे यंत्र बिघडलं असेल. यंत्र बिघडलं तर माझं उत्तर नाही. आणि उत्तर नाही म्हणजे —

हे लिहायला नको होतं.

रमिला दिदी म्हणाल्या, ‘यंत्र बिघडलंय हे त्यांनाही कळेल की, मग ते नियमावर कशाला जातील?’ तेही खरं. तेवढ्यावर आजची संध्याकाळ काढायची. बौद्धच्या स्तूपाला जाऊन दिवे लावले. सासूबाई लावायच्या तसे एकशे आठ.


कार्तिक २०, गुरुवार

नीट क्रमाने लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी टूरिस्ट पोलिसांकडे गेले. तिथल्या मुलीनं वही उघडली. गट कुठला, किती जण, परवाना कुठला, सगळं विचारलं. मग म्हणाली, गाइडचं नाव?

मी म्हटलं, सोनमचे बाबा.

तिनं पेन उचललं नाही. ‘दिदी, वायरलेसवर काय सांगू मी? सोनमचे बाबा दिसले का?’

मागे कोणीतरी हसलं. आमच्या गोरखाकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं माझी आई म्हणायची. शहरात चौदा वर्षं झाली, पण जीभ वळत नाही. सासरी तर त्याचं काही अडलंही नाही. तिथे लग्नाकार्यात कोणी नुसतं ‘दावा’ म्हटलं की सात जण वळून बघतात, म्हणून सगळे एकमेकांना अमक्याचा बाबा, तमकीची आमाच म्हणतात. मनातसुद्धा मी ह्यांना नावानं आठवत नाही. आज तर मुळीच घेणार नव्हते. परवान्याची प्रत काढून तिच्यापुढे सरकवली.

तिनं मोठ्यानं वाचलं. ‘मिङ्मा शेर्पा.’

मी परत वाचायला सांगितलं. तिनं परत वाचलं.

तिथून ऑफिसपर्यंत कशी आले ते आठवत नाही. टोपली उघडली. माझे डोळे रोज जाहिरातींच्या कप्प्यात आणि रविवारी लावलेला सहीचा नियम टाकत होता टोपलीत. बॅगवाल्याचे एकोणतीस. त्यांच्या मधे मधे तीन, यंत्राचे. खाली बारीक अक्षरात मालकाचं नाव.

सोमवारचा — ‘साम्दो. सगळे ठीक. डोकं दुखायचं थांबलं.’

मंगळवारचा — ‘साम्दोलाच. तुझे मोजे कुठे गेले? बॅटरी भरपूर आहे, दोन ओळी लिही.’

कालचा, चार वाजून वीस मिनिटांनी — ‘धर्मशाला. पश्चिमेला ढग आहेत, मला पटत नाहीत. तुझ्याकडे काय दिसतंय ते कळव. उत्तर नाही आलं तर ठरल्याप्रमाणे तीनला निघतो.’

चार वीसला मी इथेच बसले होते. याच खुर्चीत. दातांच्या मशीनची जाहिरात वाचत होते.

कालचा दुवा चालू होता अजून. लिहिलं, थांबा. बर्फ येतंय, थांबा, जाऊ नका. पाठवलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वाजल्याला आठ तास उलटले होते. पोहोचल्याची खूण आली नाही. पुन्हा पाठवलं. पुन्हा. सहीचा नियम काढून टाकला. रमिला दिदी मागे उभ्या होत्या, माझ्या पाठीवर हात ठेवून.

पोलिसांनी फोन करून सांगितलं, खिंडीवर काल रात्रीपासून बर्फ आहे, हेलिकॉप्टर उडत नाही, उद्या उघडलं तर बघू. चार पाहुणे, ओझी वाहणारे सहा भरिया आणि हे. अकरा माणसं. माझ्या हातानं कडी लावली मी. घरच्या माणसाला बाहेर ठेवून.

सोनमनं विचारलं, बाबांचा मेल आला का? आला म्हटलं. खोटं नाही. मग तिच्याजवळ बसून तिची वेणी घातली, सोडली, परत घातली.


कार्तिक २१, शुक्रवार

आठ वाजून बारा मिनिटांनी आला. बॅगवाल्याच्या अकरा मेलच्या खाली होता. तसाच इथे उतरवते.

‘धर्मशालेतच आहोत, अकराही जण. कंबरभर बर्फ आहे. यंत्र गारठून मेलं होतं, कुशीत घेऊन जिवंत केलं. काल पहाटे सगळे बूट चढवून उभे होते, तुझं उत्तर नाही, नियमानं निघायला हवं होतं. पण आभाळ साफ असतं तर तू मोजे विचारले असतेस. तीन दिवस तू गप्प बसणं शक्य नाही. म्हणजे तिकडे काहीतरी बिघडलंय, आणि तुझं उत्तर माझ्यापर्यंत येत नाहीये. म्हणून कोणाला सोडलं नाही.’

उत्तर पाठवलं. मोजे वाळले का?