सुहैरचे वर्ष सुरू का होत नाही

दमनहूर,
मे महिन्याची अखेर

आदरणीय अवातिफताई,

सलाम. तुझ्या गुडघ्यांवर, भाऊजींच्या साखरेवर आणि तुमच्या इमारतीच्या त्या कायम बंद असलेल्या लिफ्टवर अल्लाहची मेहेरबानी असो. तू पाठवलेली खारवलेली मासळी पोचली. महरूसने डबा उघडला आणि वरच्या दोन्ही मजल्यांवरच्या लोकांनी खिडक्या बंद केल्या. आमच्याकडे सर्व खुशाल आहे असे यापुढे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. आता खरे लिहिते. फोनच करणार होते, पण फोन दिवाणखान्यात आहे आणि दिवाणखान्यात महरूस आहे. (आपला भाऊ निवृत्त झाल्यापासून कपाटासारखा तिथेच असतो, फक्त कपाट मध्येच बोलत नाही.)

विषय सुहैरचा आहे. आपली बहीण रतीबा गेल्यावर तिच्या या एकुलत्या मुलीला मी वाढवले आणि तू तिला स्थळ आणलेस. मी नाही म्हटले नव्हते, हे मला मान्य आहे. हमदी सभ्य, टाइल्सचे दुकान चालते, सिगारेट ओढत नाही. त्याची आई नफीसा हाजीणबाई ही तुझी बालमैत्रीण, एवढ्या एका पुराव्यावर तिलाही मी पास केले, आणि शाळेत इतकी वर्षे जीवशास्त्र शिकवताना इतक्या कमी पुराव्यावर मी कोणालाही पास केलेले नाही. असो. गेल्या थंडीत सुहैर माझ्याकडे आली, समोर बसून मुलुखियाच्या भाजीची पाने खुडायला लागली आणि खाली मान घालून म्हणाली, "खाला, आमच्याकडे ती गोष्ट नाही." मला वाटले धुण्याचे मशीन. (महरूसने लग्नात कबूल केले होते आणि नंतर तो विषय निघाला की त्याला ऐकू येईनासे होते.) मी म्हटले, मी बघते, हप्त्याने घेऊ. ती रडायला लागली. मशीनसाठी कोणी एवढे रडत नाही, हे माझ्या लक्षात यायला तीन कप चहा जावा लागला. मग मी विचारले, "कधीपासून?" ती म्हणाली, "पहिल्यापासून. कधीच नाही."

मी शिकलेली बाई. मी ठरवले की रडून उपयोग नाही, आधी कायदा काय म्हणतो ते बघू. आमच्या गल्लीतल्या मशिदीत दर गुरुवारी बायकांसाठी धर्माचा वर्ग असतो. शेख अब्दुल तव्वाब पडद्याच्या पलीकडून शिकवतात. माणूस चांगला आहे, पण गेले वर्षभर नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, वुजूच्या पाण्यापलीकडे गाडी सरकलेली नव्हती. कोपर किती भिजले पाहिजे यावर तर पूर्ण रमजान गेला. मी हात वर केला. (पडद्यामुळे त्यांना तो दिसला नाही, तेव्हा तोंडाने सांगितले की मी हात वर केला आहे.) विचारले, नवरा बायकोचे ते कर्तव्य करू शकत नसेल तर शरियतमध्ये काय सोय आहे? चाळीसएक बायका एकदम खोकल्या. पलीकडून आवाज आला (शाळा सुटली तरी गल्लीला मी अजून शिक्षिकाच, अब्लाच), "अब्ला इन्शिराह, हा विषय पुस्तकात आहे." मी म्हटले, म्हणूनच विचारते आहे. ते म्हणाले, "पुस्तकात असलेलं सगळं तोंडाने बोलायचं नसतं. घरातल्या एखाद्या पुरुषाला माझ्याकडे पाठवा." घरातला पुरुष म्हणजे महरूस. त्याला मी अजून दुधाला पाठवत नाही.

मग मी ते पुस्तकच मागून आणले. ताई, मी थक्क झाले. हजार वर्षांपूर्वीचे ते दाढीवाले विद्वान, अल्लाह त्यांना सुखात ठेवो, पाने भरभरून लिहीत बसलेत. काय असले पाहिजे, काय नसले तर काय करायचे, कोणी कोणाला काय विचारायचे, सगळे नीट, क्रमाने. माझ्या विद्यार्थिनींनी बेडकाचे पाय सुद्धा इतके नीट कधी लिहिले नाहीत. आणि तोडगा स्वच्छ होता: बायकोने काजीकडे तक्रार करायची. काजी नवऱ्याला एक वर्षाची मुदत देतो. वर्षच का, तर त्यात चारही ऋतू येतात. दोष उष्णतेचा असेल तर थंडीत जाईल, कोरडेपणाचा असेल तर पावसाळी दिवसांत. चारही ऋतू गेले आणि काही झाले नाही तर बाई मोकळी, मान ताठ ठेवून मोकळी. यात एकच मेख आहे. ते वर्ष कोणीतरी काजीसमोर तक्रार बोलल्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे सुहैरचे लग्नापासूनचे संपूर्ण वर्ष, तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट, जमेलाच धरलेले नाही.

पुढच्या गुरुवारी मी ते प्रकरण वर्गात मोठ्याने वाचले. चांगल्या हेतूने वाचले, व्याकरणशुद्ध वाचले. दुसऱ्या पानाला दोन बायका उठून गेल्या आणि चौथ्या पानाला त्या आणखी सहाजणींना घेऊन परत आल्या. शुक्रवारी निरोप आला की मशिदीत अश्लील वाचन केल्याबद्दल मी काही दिवस घरीच नमाज पढावी. पुस्तक मशिदीचेच आहे, हे मी निरोप आणणाऱ्याला दाखवले. तो म्हणाला, "अब्ला, पुस्तकाला काय, ते मुकाट असतं."

हे नफीसाच्या कानावर गेले. तिने घोषणा केली की आपल्या मुलात काहीही कमी नाही, त्याला कोणीतरी जादूने बांधून टाकले आहे. ताई, इथे मला आपल्या समाजाची एक मोठी सोय कळली. देहाबद्दल बोलले की निर्लज्जपणा, आणि त्याच देहाबद्दल जादूचे, जिन्नांचे नाव घेऊन बोलले की धर्मचर्चा. त्या दिवसापासून अख्खी गल्ली हमदीबद्दल मोकळेपणी बोलू लागली. गाठ कुठे मारली, किती मारल्या, सुटणार कशा. तो बिचारा दुकानातून घरी येताना मान खाली घालून येतो आणि रसवाला त्याला ओरडून विचारतो, "काय हमदी, सुटलं का?" आणि गाठ मारणारी कोण, तर मी. लग्नात माझ्या रुमालाला गाठ होती, हे तिघींनी पाहिले होते. (होतीच. तुझ्याच खोलीच्या चाव्या होत्या त्यात.) शिवाय माझ्याकडे बाटलीत बेडूक आहे. तो शाळेने निरोप समारंभात दिला, पण हे ऐकायला कोणी थांबत नाही.

नफीसा तेवढ्यावर थांबली नाही. तिने टीव्हीवरच्या त्या शेखला फोन लावला, ज्यांच्या कार्यक्रमात लोक नाव न सांगता प्रश्न विचारतात. आवाज बारीक करून म्हणाली, "एका लांबच्या ओळखीच्या बाईचा मुलगा आहे." शेखसाहेब विचारताहेत, ही सांगते आहे, सगळा देश ऐकतो आहे. तेवढ्यात गल्लीत गॅसवाला आला. तो पान्याने सिलिंडर बडवत ओरडला, आणि तेही सगळ्या देशाने ऐकले: "हाजीणबाई नफीसा! सिलिंडर हवा का नको? पुन्हा येणार नाही मी!" त्या दिवशी सुहैर आमच्याकडे आलेली होती आणि आम्ही सगळे तो कार्यक्रम बघत होतो. दिवाणखान्यात कोणी कोणाकडे बघेना. सुहैर उठून आत गेली.

उपाय म्हणून नफीसा रोज त्यांच्या खोलीत, मुलाला ताकद यावी म्हणून, भरलेले कबुतर घेऊन जाते आणि हमदीने शेवटचे हाड चोखेपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहते. मला वैद्यकातले कळत नाही, पण सासू पलंगावर बसलेली असताना कबुतराने तरी काय करावे? आणि शेजारच्या बायकांनी गोड बातमीचे विचारले की ती उसासा टाकून म्हणते, "सुनेतच काहीतरी आहे, आम्ही झाकतो." हे मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. पोरीने हे तिच्या तोंडावर ऐकले आहे.

महरूसने दोन्ही घरांची बैठक बोलावली. सात पुरुष बसले. मी पडद्यामागे नाही, समोर बसले. दोन तास बोलणे झाले आणि त्यात "ती गोष्ट", "तो विषय", "ते प्रकरण" आणि "जे अल्लाहला माहीत आहे ते" एवढेच शब्द होते. हमदीचे काका शेवटी म्हणाले, "एवढं काय, दुसरा फ्लॅट बघू या." त्यांना सबंध वेळ वाटत होते की घराचे बोलणे चालले आहे. मी विचारले, हमदी सरळ तलाक का देत नाही? नफीसा आतून ओरडली, "दिला तर लोक विचारतील, का दिला!" मग महरूस म्हणाला, सुहैरने मेहेरसकट सगळे परत करून खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेला तलाक, घ्यावा, प्रकरण मिटेल. त्यावर सुहैर दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामा, मी सोडून पळाले असं कागदावर येणार. मी कशाला पळू? मी काय केलंय?" महरूसला ऐकू आले नाही.

म्हणून आम्ही कोर्टात गेलो. वकीलबाई सफा चांगली आहे. अर्जात तिने सगळे लिहिले. पण न्यायाधीश म्हणाले, बाईंच्या तोंडून ऐकू द्या. सुहैरने तोंड उघडले, आणि महरूस असा काही खोकला की शिपाई पाणी घेऊन धावला. पुन्हा उघडले, पुन्हा खोकला. मग न्यायाधीश माझ्याकडे वळले, तुम्ही मावशी, तुम्ही सांगा. मी उभी राहिले आणि म्हटले, साहेब, यांच्यात ती गोष्ट नाही. ते म्हणाले, "कुठली?" मी म्हटले, "ती." (कोर्टात पंखा फार जोरात होता आणि माझा घसा बसला होता.) मग त्यांनी हमदीला विचारले, बायकोची तक्रार खरी आहे का? पहिल्याच बाकावर नफीसा बसलेली, हातात तसबीहची माळ, नजर मुलावर. हमदीने आईकडे पाहिले आणि म्हणाला, "अलहम्दुलिल्लाह." न्यायाधीश म्हणाले, अल्लाहची स्तुती ठीक, पण हो की नाही? तो म्हणाला, "अलहम्दुलिल्लाह, साहेब." लेखनिकाने विचारले, काय लिहू?

तारीख जूनच्या मध्यावर गेली. त्या दिवशी हमदीने खरे सांगितले तर वर्ष सुरू होईल. त्याने नाकारले तर सुहैरला सरकारी डॉक्टरीणबाईंपुढे तपासणीसाठी उभे केले जाईल, आणि कागदावर तिच्याबद्दल काय ते लिहिले जाईल. म्हणजे सातही पुरुषांना एक शब्द उच्चारण्यापेक्षा ते सोपे वाटते. सुहैर आता जेवत नाही. मी कायदा वाचला, मशीद गमावली, बैठकीत बसले, कोर्ट गाठले, आणि पोरगी आहे तिथेच आहे. मला पुढचे काही सुचत नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

भाऊजींना सलाम. मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना गरम वाळूचा शेक दे.

तुझी धाकटी बहीण,
इन्शिराह

ता. क. एक लहानसे काम आहे. तू नफीसाला जूनच्या पहिल्या आठवड्यातच तुझ्याकडे अलेक्झांड्रियाला बोलाव आणि महिना संपेपर्यंत सोडू नकोस. समुद्राची हवा, एखाद्या नातेवाइकाचे लग्न, तुझे गुडघे, काय वाटेल ते सांग. तुझे बोलावणे ती मोडत नाही. ती पहिल्या बाकावर नसेल तर हमदी खरे बोलेल. हे माझे अनुमान नाही. तो परवा आमच्या जिन्यात आला, वर चढला नाही, खालूनच म्हणाला, "अब्ला, त्या दिवशी आई तिथे नसली तर मी सांगेन. ती असली तर मला जमणार नाही. सुहैरला सांगा, तिच्यासमोर मला बोलता येत नाही, मला माफ कर." आणि गेला. कबुतर त्याला लहानपणापासून आवडत नाही, हेही त्याने सांगितले.

ता. क. दुसरे. पत्र बंद करण्याआधी सुहैर भेटायला आली, तिला वाचायला दिले. तिने सगळे वाचले आणि म्हणाली, "खाला, एवढ्या लांब पत्रात तुम्ही ते एकदाही लिहिलं नाहीत. अवातिफखालाला वाटेल धुण्याचं मशीन." मी म्हटले, ताई समजून घेईल. ती म्हणाली, "सगळेच समजून घेतात. म्हणून तर कोणी काही करत नाही." मग माझ्या हातातून पेन घेऊन तिने खाली जे लिहिले आहे ते तिचे अक्षर आहे.

"अवातिफखाला, सलाम. माझा आणि हमदीचा शरीरसंबंध कधीच झालेला नाही. एकदाही नाही. त्याला ते जमत नाही, आणि तो रडतो. मला त्याचा राग नाही. मला घरी यायचं आहे. तुमची, सुहैर."

ता. क. शेवटचे. ताई, वरचे सगळे पत्र वाचले नाहीस तरी चालेल.