हात सोडायचा नाही

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची. दोन पिशव्या, एक वळकटी आणि ही वही. बालसदनाच्या वरच्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. मोठी खिडकी, लोखंडी पलंग आणि नळाला दिवसभर पाणी. पहाटे उठून बादल्या भरणारीला हा राजवाडाच.

घरच्यांना आवरत नाहीत अशी मुलं इथे राहतात. चावणारी, डोकं आपटणारी, बोलणंच सोडून दिलेली. उपचार, राहणं, जेवण, सगळा खर्च सरकारचा. कर्मचाऱ्यांच्या मुलांचीही सोय होते, म्हणून तर ही नोकरी धरली. माझी ठकी पाच वर्षांची, सध्या बहिणीकडे आहे. बहीण तिला बावीस तारखेच्या रविवारी आणून सोडणार. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघी कधी वेगळ्या झोपलो नाही. पलंग फार रुंद वाटतोय.

इथल्या संचालिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंची माझ्या खांद्याएवढी, पण दरारा असा, की त्या आल्या की झाडूसुद्धा सरळ उभा राहील.

गुरुवार, ५ सप्टेंबर

तीन मुलं माझ्या वाट्याला आली. एक मुलगी सात वर्षांची, दिसेल त्याला चावते. मी तिला खारूताई म्हणते. एक मुलगा वर्षभर अक्षर बोललेला नाही, तो माझा गप्पीदास. तिसरा नऊ वर्षांचा, कायम हात पाठीमागे बांधून फिरतो, म्हणून साहेब. त्यानं धाकट्या बहिणीचा गळा आवळला होता. शेजारीण धावली म्हणून पोर वाचली. हात पाठीमागे का, असं मी विचारलं, तर म्हणाला, ते तिथेच बरे असतात.

काम सोपं आहे. दुपारी मुलाचा हात हातात धरून त्याला झोपवायचं. नियम एकच, मुलानं सोडल्याशिवाय आपण हात सोडायचा नाही. एका वेळी एकच मूल, ते बरं झालं की पुढचं. सुरुवात खारूताईपासून. हसू आलं. एवढ्यासाठी पगार देतात तर मी जन्मभर झोपवीन.

मोबाईल ऑफिसात जमा करावा लागला. मुलांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

खारूताई घरी गेली. आठवडाभरात एकदाही चावली नाही. तिच्या आईनं माझे पाय धरले, मला अगदी कानकोंडं झालं. सरकारी अधिकारी आले होते. असे निकाल दुसरीकडे कुठेच नाहीत म्हणाले, मदत पुढेही चालू राहणार. मोठ्या बाईंनी त्यांना चहा दिला आणि माझी ओळख करून दिली नाही.

मागच्या इमारतीत रोज काही ताटं जातात. कोणासाठी, असं मी विचारलं. आधीच्या ताया आहेत, थकल्यात, विश्रांती घेताहेत, असं मोठ्या बाई म्हणाल्या. त्या ताटांत चमचे नसतात.

उशीचा अभ्रा फाटलाय. आणि माझ्या दंडावर दातांचे व्रण आहेत. खारूताईचे म्हणावेत तर मोठे आहेत.

मंगळवार, १७ सप्टेंबर

गप्पीदास बोलला! झोपेतून उठला आणि पाणी मागितलं. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. त्याला शाबास म्हणायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

संध्याकाळपर्यंत आला नाही. घसा दुखत नाही. शब्द मनात आहेत, इथे कागदावरही उतरतात. फक्त बाहेर पडत नाहीत.

पुन्हा दंड चावलाय. मीच.

बुधवार, १८ सप्टेंबर

मागच्या इमारतीच्या खिडकीतून पाहिलं. एक बाई भिंतीवर डोकं आपटत होती, संथपणे, कंटाळा न येता. दुसरी माझ्याकडे बघत होती. माझ्याएवढीच असेल. तिनं आपले हात वर करून दाखवले आणि मान हलवली. नको. नको.

मला सगळं कळलं. मुलांचं दुखणं कुठे जातं ते.

ऑफिसातून बहिणीला फोन लावला. ती हॅलो, हॅलो करत राहिली. मी नुसता श्वास. मागून ठकी विचारत होती, आई आहे का. लाईन खराब आहे, असं बहीण तिला म्हणाली. मग मला म्हणाली, रविवारी येतोच.

गुरुवार, १९

पत्र लिहिलं, ठकीला आणू नकोस. मोठ्या बाईंनी घेतलं आणि खणात ठेवलं. फाटकाला कुलूप आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी म्हणे. मागच्या बायकांवर उपचार का नाहीत, ते लिहून विचारलं. शांतपणे म्हणाल्या, योजना मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी नाही.

उद्या साहेबाची पाळी. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आग्रहसुद्धा केला नाही.

शुक्रवार, २०

हात चादरीखाली घेऊन पडले होते. साहेब स्वतःच आला. पलंगाशी उभा राहून रडत होता. म्हणाला, बहिणीला एकदा कडेवर घ्यायचंय, नुसतं घ्यायचंय—

काय करणार होते मी?

दिला हात.

शनिवार, २१

साहेब अंगणात धावतोय. हात मोकळे—

मी उशी आवळत बसले होते. केव्हापासून, आठवत नाही. बोटं सोडवताना त्रास झाला. झोप नाही. कालही नव्हती.

उद्या ठकी—

रविवार, २२

दार आतून लावलं. किल्ली खिडकीबाहेर फेकली.

खाली बहिणीचा आवाज. मग ती गेली. बस सुटेल म्हणून—

मोठ्या बाईंकडे दुसरी किल्ली होती.

ठकी आत. दार पुन्हा बंद. मी हातांवर बसलेय. कागदावर मोठं लिहून दाखवलं, जवळ येऊ नकोस. तिला वाचता कुठे येतं अजून—

म्हणते, आई तू दमलीस. आडवी हो. मी थोपटते. मान हलवतेय मी, ती हसते. डोळे मिटताहेत. ठकी, नको, हात नको धरू—

संध्याकाळ

जाग आली. अंग हलकं. दंड दुखत नाही. ठकी अशी हाक मारली आणि आवाज आला. माझा आवाज.

ती बोलत नाही. नुसती बघते. तिच्या ओठाला रक्त आहे, स्वतःचाच—

मोठ्या बाई दारातून सांगून गेल्या. काळजी करू नका, लहान आहे ती. तिचा सगळा खर्च सरकार करेल.

डाव्या हातानं लिहितेय. उजवा तिच्या हातात होता, आता सोडला तिनं. माझ्या मांडीवर चढलीय. ये बाळा, म्हटलं. गळ्यात हात टाकले. एवढ्याशा पोरीला एवढा जोर कुठून—