यादीतून सुटलेलं मलम

अल रय्यान, दोहा
७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. कुंदाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणे मराठीत आणि हातानं लिहिते आहे. फोटो आजच फोनवर पाठवते, मूळ पत्र नाशिकला जाणारं कुणी भेटलं की त्याच्या बॅगेत. सातवीत असताना तू बजावलं होतंस की इंग्रजी पत्राला उत्तर मिळणार नाही. त्यामुळे आज आमच्या अख्ख्या साइटवर शुद्ध मराठीत कुरकुर करू शकणारी मी एकटीच इंजिनियर आहे. ऐकायला कुणी नाही, हा भाग वेगळा.

इकडे सगळं ठीक. बाबा ऑफिस आणि बुद्धिबळ यांत मग्न. आई हल्ली माझ्या डब्याबरोबर सनक्रीमची बाटलीही भरते. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून ती घरी ठेवते आणि दर शनिवारी माझी छोटी भरून साइटच्या पिशवीत टाकते. पंचवीस वर्षांच्या घोडीचे हे लाड. पण गुण आला हं. दिवाळीपासून माझा रंग इतका उजळलाय की सूक वाकिफच्या बाजारात भेटलेल्या एका काकूंनी आईला विचारलं, नुपूरला आता उन्हातलं काम नाही का. ऐकून आईच माझ्यापेक्षा जास्त उजळली. तू सुचवलेल्या मिहीरच्या स्थळासाठी तिनं लगेच माझे नवे फोटो काढून घेतले.

आता मुद्द्याचं. माझी मैत्रीण जिक्रा तुला पत्रांतून माहीत आहे. ट्युनिसची, माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढते. तिला स्वतःचा पांढरा रंग आवडत नाही. ती एका पार्लरमध्ये जाऊन दिव्यांच्या पेटीत झोपते आणि गव्हाळ होऊन येते. जानेवारीत मीही सोबत गेले होते. तिथं एका बोळात समोरासमोर दोन दारं आहेत. एकात बायका सावळ्या व्हायला शिरतात, दुसऱ्यात सलाइन लावून गोऱ्या व्हायला. मधल्या बाकावर दोघी आपापली पाळी यायची वाट बघत एकमेकींच्या रंगाचा हेवा करतात. तिथं काम करणाऱ्या जिक्राच्या मावसबहिणीनं माझ्या चेहऱ्याला फुकट मसाज करून दिला.

आमची पैज लागली आहे की या दोन दारांतलं जास्त धोक्याचं कुठलं. मी म्हणते तिची पेटी, ती म्हणते सलाइन. हरेल तिनं महिनाभर करक चहा पाजायचा. तीस वर्षं औषधाचं दुकान चालवणारी बाई आमच्या ओळखीत एकच, म्हणून निकाल तू द्यायचास. सगळे उपाय विचारात घे, एकही सोडू नकोस.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेव.

तुझी,
नुपूर

*

नाशिक
१६ फेब्रुवारी २०२५

चि. नुपूर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं. ‘बुद्धिबळ’ लिहिताना ध चा घ काढला आहेस, तो सुधार.

आता निकाल. जिक्राची पेटी वाईटच. ते दिवे म्हणजे विकतचं ऊन. कातडी रापते ती इजा झाली म्हणून रापते आणि झालेली इजा ती विसरत नाही. वर्षानुवर्षं असं भाजून घेणाऱ्यांना कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तरुणपणी सुरुवात केली तर जास्तच. त्यापेक्षा बाटलीतला रंग बरा. तो वरवर बसतो, आठवड्यात उतरतो. मात्र त्यानं ऊन अडत नाही आणि त्याचा फवारा नाकातोंडात जाऊ द्यायचा नाही.

समोरच्या दारातलं सलाइन त्याहून शहाणं नाही. रंग उजळायला ते शिरेतून घ्यावं असं कुठल्याही जबाबदार डॉक्टरानं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही, आणि मूत्रपिंडं, यकृत काही दुकानात मिळत नाहीत. बाजारातल्या बिननावाच्या डब्यांत पारा असतो. लावणारी तर भोगतेच, तिच्या टॉवेलातून घरातली पोरंही भोगतात. डाग घालवायची काही क्रीमं डॉक्टर देतात, ती त्यांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक दिवसच वापरायची. डाळीचं पीठ आणि साय यांनी काही बिघडत नाही आणि काही होतही नाही. एकूण दोन्ही दारं बंद करा आणि चहा आपापला प्या.

तू साइटवर सनक्रीम नेमानं लावत जा. आई भरून देते तीच लाव, मध्येच बदलू नकोस. मिहीरच्या आईला नवे फोटो फार आवडले. जूनमध्ये येशील तेव्हा प्रत्यक्ष भेट ठरवू.

सदानंदाला आणि शैलजेला आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
कुंदाआत्या

*

अल रय्यान
२६ एप्रिल २०२५

ती. स्व. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तोंड आरशात बघवत नाही म्हणून कागदात घालून बसले आहे.

ईदनंतर तीन आठवडे मला पश्चिम किनाऱ्यावर दुखान गावच्या कामावर पाठवलं होतं. गडबडीत बाटली घरी राहिली, तिथं नवी घेतली. आठवडा झाला नाही तोच गाल पेटले. लाल चट्टे, बारीक पुळ्या, पाणी लागलं तरी आग. नाकाशेजारी तांबड्या शिरा दिसायला लागल्या आहेत आणि गालांवर लव वाढली आहे. इकडे आल्यावर त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, स्टेरॉइडचं मलम किती महिने लावत होतीस? मी म्हटलं, एक दिवसही नाही. त्या म्हणाल्या की बहुतेक मुली असंच सांगतात. जे जे लावतेस ते सगळं घेऊन ये, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. आत्या, एवढी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. मी खरं बोलत होते.

आई रडते आणि मी विचारलं की स्वयंपाकघरात निघून जाते. बाबा म्हणतात, उष्णतेचं असेल. मला राहून राहून त्या पार्लरातल्या मसाजची शंका येते. पण तो एकदाच झाला होता, तोही जानेवारीत. एका मसाजानं असं होतं का? तू सांगशील ते मी खरं मानेन.

तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
नुपूर

*

नाशिक
१ मे २०२५

चि. नुपूर हिस,
अनेक आशीर्वाद.

बाळा, तुझं पत्र वाचलं. डॉक्टर सांगतील ते सगळं कर. तोंडाला साध्या पाण्याखेरीज काही लावू नकोस. हळूहळू बरं होईल, पण वेळ लागेल, धीर सोडू नकोस.

तू विचारतेस म्हणून सांगते, पार्लरवाल्या काय चोपडतात ते देव जाणे. कुणाकुणाची कातडी नाजूक असते, एकदाही पुरतं. तुझी शंका मला पटते. त्या मुलीच्या नादानं तू तिथं गेलीस. मैत्री चार हात लांब ठेवलीस तर बरं. आईला खोदून खोदून विचारू नकोस, तिला आधीच बीपीचा त्रास आहे. आणि त्या जुन्या बाटल्या, क्रीमं टाकून दे. उन्हानं तापून खराब झालेली असतात. डॉक्टरांपुढे ते गाठोडं सोडून आणखी शोभा कशाला करून घ्यायची?

काळजी घे. माझा जीव तुझ्याकडे लागला आहे.

तुझी,
कुंदाआत्या

*

अल रय्यान
१७ मे २०२५

कुंदाआत्यास,

तुझं मी ऐकलं, नेहमीसारखं. पार्लरविरुद्ध तक्रार केली. जिक्राला ऑफिसात चारचौघांत म्हटलं की तुझ्यामुळे माझं तोंड गेलं. तिच्या मावसबहिणीला चौकशी होईपर्यंत पंधरा दिवस घरी बसवलं. जिक्रानं टेबल बदलून घेतलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मग तुझं दुसरं सांगणं ऐकलं. जुनी बाटली टाकायला काढली. रिकामी करून टाकावी म्हणून बेसिनमध्ये पिळली, शेजारी दुखानची नवी होती. नव्यातलं पांढरं आणि पातळ, जुन्यातलं पिवळट आणि घट्ट. नाव एकच. दोन्ही हातांवर दोन्ही घेऊन मी आईपुढे जाऊन उभी राहिले. तिनं कपाटातली कापडी पिशवी काढून दिली. आत तीन भरलेल्या ट्यूब होत्या, तुझ्या दुकानाचा शिक्का आणि ही चिठ्ठी. तुझीच आहे, तरी नकलून देते.

“नाशिक, ५ नोव्हेंबर २०२४. चि. सौ. शैलजा हिस, अनेक आशीर्वाद. तू इतकी मागे लागलीस म्हणून देते. तीन भाग सनक्रीमला एक भाग हे मलम, नीट घोटून तिच्या बाटलीत भर. नुसतं लावायला देऊ नकोस आणि तिला सांगू नकोस, ती ऐकायची नाही. लग्न ठरेपर्यंत चालू राहू दे. मध्येच बंद केलंस तर चेहरा उठेल, ते सांभाळ. कुंदा.”

चेहरा उठेल, हे तुला नोव्हेंबरातच माहीत होतं.

ही पिशवी मीच आणली होती, आत्या. दिवाळीहून परतताना तू ती माझ्या बॅगेत ठेवलीस, आईच्या गुडघ्यांचं मलम म्हणून. इथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं उघडून विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं की माझी आत्या फार्मासिस्ट आहे, आणि त्याच्या कागदावर सही केली. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचलं नाही, कारण गाठ तू बांधली होतीस.

त्या ट्यूब पाहून डॉक्टर म्हणाल्या, या स्टेरॉइडच्या मलमानं कातडी पातळ झाली आणि भेसळीमुळे सनक्रीमचाही जोर गेला. म्हणजे पाच महिने मी साइटवर जवळजवळ उघड्या तोंडानं उभी होते. काल तुझं फेब्रुवारीतलं निकालपत्र पुन्हा वाचलं. पेटी, बाटली, सलाइन, पारा, अगदी डाळीचं पीठसुद्धा त्यात आहे. एकही उपाय सोडू नकोस म्हटलं होतं. तू एकच सोडलास, माझ्या तोंडावरचा.

आई निदान रडली. आईला मी ओळखते, तिला गोरी मुलगी हवी होती. तुझ्याबद्दल मला वाटायचं की तुला मी हवी आहे.

मिहीरच्या आईला माझा आजचा फोटो पाठवला आहे.

नुपूर

*

नाशिक
२७ मे २०२५

चि. नुपूर हिस,

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

चार कागद फाडले. त्या सगळ्यांत शैलजेनं किती गळ घातली आणि असली मलमं इथं पोरी किती सर्रास नेतात तेच लिहिलं होतं. ते खरं आहे, पण कामाचं नाही. मला माहीत होतं आणि मी दिलं. थोडं असेल तर चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. तीस वर्षं काउंटरवर तेच सांगत आले. मिहीरचं स्थळ मी आणलं होतं, ते माझ्या शब्दावर जमावं ही हौसही होती.

मलम दिलं ते मूर्खपणानं. एक मेचं पत्र लिहिलं ते मात्र पुरत्या शुद्धीत. तू पार्लरचं नाव घेतलंस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जिला मी पाहिलंही नाही त्या मुलीच्या माथी मारून मोकळी झाले.

तुझ्या डॉक्टरांसाठी मलमात काय काय होतं ते लिहून सोबत जोडलं आहे. त्यांना दाखव, म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस हे त्यांना कळेल. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर जिक्राला आणि त्या पार्लरला वेगवेगळी पत्रं पाठवली आहेत, इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी. काय केलं ते सगळं लिहिलं आहे, मखलाशी केलेली नाही. दुकानातली ती मलमं आत कपाटात ठेवली, आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. काल गौरी नावाची कॉलेजातली एक मुलगी दोन ट्यूब मागायला आली. नाही म्हटल्यावर समोरच्या दुकानात गेली. गेली पाच वर्षं तिला मीच देत होते.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. नाही म्हणालीस तरी मागेन.

कुंदाआत्या

*

अल रय्यान
१३ जून २०२५

ती. आत्यास,

तुझं पत्र जिक्राला मिळालं. तिनं ते दोनदा वाचलं आणि मावसबहिणीला दाखवायला घेऊन गेली. त्या बहिणीला कामावर परत घेतलं आहे. मी दोघींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. जिक्रा अजून जुन्या टेबलावर आलेली नाही. मात्र तिनं पेटीत झोपणं खलास केलंय, माझं तोंड बघून म्हणे. म्हणजे पैज तीच हरली, की मी, ते आता कोण ठरवणार.

डॉक्टरांनी तुझा कागद वाचला आणि त्या मला सॉरी म्हणाल्या. वर्ष लागेल म्हणतात. मिहीरच्या आईचं काही उत्तर नाही. आईनं भरलेला डबा नेते, बाटली माझी मी विकत घेते. जूनमध्ये मी येत नाहीये.

जिक्रानं मला एक विचारलं, ते तुला कळवायलाच हे पत्र लिहिते आहे. तिनं विचारलं की तुझ्या आत्यानं मला पाहिलेलंही नाही, मग मला दोषी ठरवणं तिला इतकं सोपं कसं गेलं. मी म्हटलं, कारण तिला खात्री होती की नुपूर आपलं ऐकेल.

लहानपणी तू मला अट घातली होतीस, आता मी घालते. माझं पत्र येईपर्यंत तू लिहू नकोस. तुझं अक्षर दिसलं की मी अजूनही आधी विश्वास ठेवते आणि मग आठवतं. चेहरा स्वतःच्या रंगावर आला की मीच लिहीन, इन्शाल्ला. मराठीतच लिहीन.

तब्येतीला जप. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

नुपूर