कुठल्याही यंत्रावर चालेल असा दवाखाना

३ फेब्रुवारी, सोमवार
रोजनिशीला सुरुवात. मोठ्या कामाची नोंद असावी म्हणून. ही फक्त माझ्यासाठी आहे, कुणी वाचणार नाही. तरी अक्षर नीट काढणे.
बायको जनावरांची डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढतेय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सुरू. तिथले मोठे डॉक्टर तिला निरोप देताना म्हणाले होते, जा, परत येशीलच. हे वाक्य तिला फार लागलंय. भाजी चिरतानाही आठवतं.
तिला सॉफ्टवेअर हवंय. मागणी एवढीच: कुणाचं जनावर कधी येणार ते दिसावं आणि मालकाला मेसेज जावा. मला हसू आलं. एवढंसं कशाला? जगातल्या कुठल्याही धंद्याला, कुठल्याही यंत्रावर चालेल असं करतो. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना खुलं. तुझा दवाखाना त्यात एका कोपऱ्यात सहज बसेल.
म्हणाली, आधी कोपरा कर.
दूरदृष्टी नाही. पण स्वभाव चांगला आहे.

५ फेब्रुवारी
थर ठरवले. वर स्क्रीन, मध्ये नियम, तळाशी डेटा. एका थराने दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. म्हणजे कुठलाही थर काढा, दुसरा बसवा, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही.
मग लक्षात आलं की दोन थरांच्या मध्ये एक दुभाषी थर लागतो. आणि दुभाष्यांवर एक देखरेख करणारा. आणि त्याच्यावर भरवसा नको म्हणून आणखी एक. एकूण सात झाले.
बायकोने विचारलं, यात कुत्रा कुठे आहे? समजावून सांगितलं की गाभ्याला, म्हणजे मधल्या नियमांना, कुत्रा माहीतच असता कामा नये. कुत्रा हा तपशील आहे. ती आत गेली. बहुधा पटलं.
संकल्प: सोमवारपर्यंत गाभा पूर्ण.

१० फेब्रुवारी
गाभा अपूर्ण. फोल्डरांची नावं ठरली नाहीत. शिवाय खुर्ची करकरते. करकरत्या खुर्चीत स्वच्छ विचार सुचत नाहीत. नवी मागवली.
संकल्प: खुर्ची आली की गाभा.

१४ फेब्रुवारी, दुपार
खुर्ची आली. मेहुणाही आला. त्याचं फ्रिजचं दुकान आहे. म्हणाला, भाऊजी, दाखवा की काय केलंय ते.
दाखवलं. स्क्रीनवर काहीच नव्हतं. पण ते काहीच-नाही सातही थरांतून शिस्तीत वर येत होतं, हे त्याला दिसलं नाही. म्हणाला, तुमचं नमनालाच घडाभर तेल. फ्रिज विकणाऱ्याला काय कळणार!

१९ फेब्रुवारी
विजय! मेहुण्याच्या दुकानात दाराला स्क्रीन असलेला एक फ्रिज आहे. आपलं सॉफ्टवेअर त्यावर चाललं! गिऱ्हाइकं जमली. एका बाईंनी विचारलं, याने बर्फ लवकर होतो का? मी म्हटलं, तो थर जोडता येईल.
दवाखान्याच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मात्र उघडत नाही. दोष कॉम्प्युटरचा.

२३ फेब्रुवारी, रविवार
आंघोळ करताना सुचलं: वेळ हासुद्धा बाहेरचा तपशीलच! गाभ्याने सरळ कॅलेंडर बघणं म्हणजे पुन्हा डोकावणं आलं. वेळेचा आठवा थर केला. खऱ्याला अवकाश आहे, म्हणून तूर्त तपासणीपुरता एक नकली बसवलाय. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: सोमवार, सकाळी दहा. कामाला फार बरा आहे. हुज्जत घालत नाही.
संकल्प: खरा लवकरच.

२७ फेब्रुवारी
बायको म्हणाली, आज उघडलं नाही तर मी माझं बघते. आवाज शांत होता. तोच वाईट.
उघडलं! जेवणं व्हायला लागतो तेवढा वेळ घेतला, पण उघडलं. मग तिने बसून सगळ्या मालकांची नावं स्वतः भरली. तिच्या हातगुणावर विश्वास ठेवून जुनं हॉस्पिटल सोडून येणारी माणसं. प्रत्येक नावाला तिला त्यांचं जनावर आठवत होतं आणि ती मला सांगत होती. शेवटी हसली. या महिन्यातली पहिलीच वेळ. मला भरून आलं.
खऱ्या वेळेचं उद्या बघू. आज आनंदात विघ्न नको.

१ मार्च, शनिवार
बटण दाबलं. सगळ्यांना मेसेज गेले. एकही अडकला नाही. आठ थर पार करून! ज्यांनी नावं ठेवली त्यांनी बघावं.
काहीतरी राहिलंय असं सकाळपासून वाटतंय. आठवेल.

३ मार्च, सोमवार, संध्याकाळ
आठवलं. सकाळी दहा वाजता.
सगळे एकदम आले. कुत्री, मांजरं, एक शेळी, कासव, पोपट घेऊन एक आजी. प्रत्येकाच्या फोनवर सोमवार, सकाळी दहा. कुत्र्यांनी मांजरं पाहिली. मांजरं पडद्यावर चढली. शेळीने उद्घाटनाची रिबन खाल्ली, कात्री लागलीच नाही.
मी खुर्चीवर उभं राहून लोकांना सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर चाललंय, फक्त एक थर तात्पुरता आहे. एका गृहस्थांनी ऐकता ऐकता कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला. मग दुसऱ्यांनी दिला.
त्यातच मोठे डॉक्टर फुलं घेऊन आले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बायकोला म्हणाले, तुझी जागा अजून रिकामी आहे बरं का. तिचं तोंड एवढंसं झालं. पट्टे हातात होते म्हणून, नाहीतर मी तिथून पळालोच असतो.
तिने फुलं ठेवली, बाह्या वर केल्या आणि पहिलं जनावर आत घ्यायला सांगितलं. मी एकेकाला आत सोडत गेलो. कुणाचं पोट फुगलंय, कोण चावतं, कोण नुसतंच घाबरलंय, दारातच विचारून तिला सांगत गेलो. दिवस मावळला तरी ती तपासत होती. एकही जनावर न तपासता परत गेलं नाही. आजींचा पोपटसुद्धा.

८ मार्च
आठवडाभर काउंटरवर मीच. फोन घ्यायचा, फळ्यावर नाव आणि वेळ लिहायची, आदल्या दिवशी मालकाला आठवण करायची. प्रकल्प बंद नाही, विश्रांतीवर आहे. कॉम्प्युटर मेहुणा घेऊन गेला. त्या जागी मांजरांचा वजनकाटा ठेवलाय.
आज मोठ्या डॉक्टरांचा फोन आला होता. बायकोने त्यांना सांगितलं की आता ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. मग दवाखाना बंद करताना मला म्हणाली, तू होतास म्हणून निभावलं, नाहीतर खरंच परत जावं लागलं असतं.
महिनाभर मला हेच ऐकायचं होतं. फक्त ते सॉफ्टवेअरबद्दल असेल अशी माझी कल्पना होती.